ठक्क वाजलेली दुनळी

मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांना वस्ताद म्हणायला आता जीभ रेटत नाही. माझी पहिली बंदूक निवडायला मी त्यांनाच शिरोळला नेलं होतं. तिथल्या एका बागायतदाराला वडिलांची दुनळी विकायची होती आणि मला जन्मभर टिकणारी हवी होती.

वस्तादांनी नळ्या सोडवून मुठीत धरल्या आणि टिचकी मारली. ठक्क!

“ऐकलंस? चांगली नळी घंटेगत वाजती. हिचा जोड सुटलाय. ही टिकायची न्हाय.”

मी दुनळी न घेताच परत फिरलो. वर त्यांनाच मटणाचं जेवण घातलं.

चार महिन्यांनी ते तीच दुनळी घेऊन सरावाला आले. “मालक लईच मागं लागला की,” म्हणाले, आणि नळ्या पुसायला माझ्याकडं दिल्या. शिष्यच ना मी!

मी त्या नळ्या एका बोटावर टांगून टिचकी मारली. मैदानभर घंटा घुमली. मग त्या दिवशी त्यांनी धरल्या होत्या, तशा गच्च मुठीत धरल्या. ठक्क.

वस्ताद बुटाची नाडी बांधायला वाकले. सगळं शिकवलं होतं त्यांनी मला, नळी टांगून वाजवायची असते तेवढं सोडून.