खालच्या खणातली नळी

ताईंचे हात मूळचेच थंड. दूध नासेल असं वाटलं की हिच्या हातात द्या, फ्रीज कशाला हवा, असं नवरा म्हणायचा. प्रयोगशाळेत मात्र त्याच हातांवर सगळ्यांची भिस्त. आरएनए, म्हणजे पेशीतला मजकूर वाहून नेणारा धागा, भारी नाजूक प्रकरण. बोट लागलं, तोंडातला तुषार उडाला, जराशी ऊब मिळाली, की त्याचा चुरा. म्हणून एकोणीस वर्षं ताई दुहेरी हातमोजे घालून, उघड्या नळीवर चकार शब्द न काढता नमुने तयार करत आल्या होत्या.

आणि दोन दिवसांच्या सुट्टीत फ्रीझर बंद पडला. सगळ्या नळ्यांतले नमुने वितळून कोमट झाले.

बाकीचे नमुने पुन्हा मागवता आले असते. खालच्या खणातला एक मात्र नाही. तो चार वर्षांच्या एका मुलीच्या स्नायूतला होता, आणि ती आता राहिली नव्हती. तिच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. आजाराचं मूळ रक्तात सापडलं नव्हतं. या नळीतून ते कळलं, तरच पोटातल्या बाळाची तपासणी करता येणार होती. दर सोमवारी त्या बाईचा फोन यायचा. जपून ठेवलंय, असं ताई सांगायच्या.

ताईंनी त्यातला कणभर थेंब यंत्रात घातला. आरएनए किती शाबूत उरलाय त्याचा आकडा आला, दहापैकी दोन. निदान सात तरी लागतात. नळी बर्फात ठेवून त्या सुन्न बसून राहिल्या. दुपारी राहवेना म्हणून पुन्हा मोजलं. साडेचार.

यंत्रच बिघडलं असेल म्हणून बाकीच्या नळ्या मोजल्या. सगळ्या दोनवर. दुसऱ्या यंत्रावर या एकाच नळीचे पावणेसात आले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आकड्यांचा कागद उलटसुलट करून बघत राहिल्या. तुटलेला आरएनए पुन्हा जुळत नाही, हे त्या नवीन असताना ताईंनीच त्यांना शिकवलं होतं.

"ताई, नळी बदलली नाहीत ना?"

"दुसरी आणू कुठून बाई? ती पोरगी आहे का आता?"

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, नियमाने हा नमुना फेकायचा. पुन्हा मोजून सात आले असते कदाचित, पण मग सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे त्यातला मजकूर वाचायला, पुरेसा उरला नसता.

ताईंनी मोजायचं सोडून दिलं. मनात देवाचं नाव घेतलं, झाकण उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा उघड्या नळीवर बोलल्या, "बाळा, एवढं सांगून जा."

नमुना तयार केला. सोबतच्या कागदावर तिन्ही आकडे ओळीने लिहिले आणि खाली सही केली.

महिन्याने आजाराचं मूळ कळलं. पोटातल्या बाळाची तपासणी झाली, त्याच्यात ते नव्हतं. त्या बाईचा फोन आला तेव्हा ताईंनीच तिला ते सांगितलं.

त्याच दुपारी ताईंनी ती रिकामी नळी स्वच्छ पाण्याने विसळली आणि ते पाणी यंत्रात घातलं. साध्या पाण्याचीसुद्धा पडद्यावरची रेघ थोडी थरथरते. ही थरथरली नाही. कोणी खोलीतून उठून गेल्यावर मागे जे उरतं, तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली.

डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. पुन्हा मोजायचं दोघींपैकी कोणीच नाव काढलं नाही.