ग्लासगोला गेलेले आजोबा

"नाक बघ," काका कुजबुजायचे. "आमच्याकडचंच आहे."

माउंट रॉस्किलमधल्या औषधांच्या दुकानात काका, म्हणजे नात्यानं नव्हे, सगळ्यांचेच काका, फार्मासिस्ट होते आणि मी काउंटरवर. तांबूस केसांचं, स्कॉटिश आडनावाचं कुणी गिऱ्हाईक आलं की काका चष्म्यावरून त्याचं नाक तपासायचे. न्यूझीलंडमध्ये स्कॉटिश आडनावांना काय तोटा? रोज चार-पाच नातेवाईक सहज निघत.

कारण होते त्यांचे आजोबा, आईचे वडील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते यंत्रविद्या शिकायला साताऱ्याहून ग्लासगोला गेले. पोचल्याचं पत्र आलं, पुढे काहीच नाही. मडमेशी लग्न केलं, असं घरानं ठरवून टाकलं. आजी मरेपर्यंत कुंकू लावून टोमणे ऐकत राहिली. दहा महिन्यांची मुलगी मागे राहिली होती, त्या म्हणजे काकांच्या आई. आता एकोणनव्वद वर्षांच्या, काकांकडेच असत. "बाप कधी गेला एवढं मला कळू दे," त्या म्हणायच्या, "मग मी जायला मोकळी."

म्हणून दर शनिवारी काका टाय लावून, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून चर्चच्या हॉलमध्ये जायचे. तिथल्या यंत्रावर स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींची रिळं बघता येत. आधी त्यांनी लग्नं तपासली. मग मडमेच्या मुलांचे जन्म. दोन वर्षांनी मृत्यूंवर आले, तेही आजोबा साठीचे झाले असतील तिथपासून.

"आमचे सद्गृहस्थ ऐंशी तर आरामात गाठणार," ते म्हणायचे. "डोक्याला ताप नाही काही!"

मी तेव्हा पत्रकांवर वाढलेली मुलगी. कुठेही अन्याय दिसला की माझा एक कागद तयार. टाकलेल्या बायकांवर मी एक पत्रक काढलं आणि त्यात हे आजोबा नाव न घेता चांगलेच झोडपले. काकांनी दहा प्रती खोकल्याच्या औषधांशेजारी ठेवल्या. "हाण त्याला!" म्हणाले. वर मला त्यांच्या आईंना ते वाचूनही दाखवायला लावलं.

आईंनी शांतपणे ऐकलं. "छान लिहिलंयस. तुला भेटला होता का गं तो?"

मला राग आला. मी पत्रकाची घडी घालून ते पिशवीत टाकलं.

पुढच्या शनिवारी मी काकांबरोबर हॉलमध्ये गेले. ते चाळीसच्या दशकात पोचले होते. मी सहज विचारलं, "काका, ते गेले त्या वर्षाचं रीळ बघितलंत का?"

"ते कशाला? तेव्हाच मेले असते तर कळवलं नसतं का त्यांनी?"

बोलून गेले आणि यंत्राचा दांडा हातात तसाच धरून राहिले. मग उठले आणि पहिल्या वर्षाचं रीळ मागून आणलं. अर्ध्या तासात नाव सापडलं. त्या दिवशी त्यांनी गाडीत एकही विनोद केला नाही.

दीड महिन्यानं एडिंबरोहून दाखल्याची नक्कल आली. काकांनी मला घरी बोलावलं. आईंसमोर बसून ते एकेक रकाना मराठीत सांगत गेले. पोचल्यापासून पाचव्या महिन्यात, डिसेंबरात मृत्यू. न्यूमोनिया. खबर देणारी घरमालकीण. मृत व्यक्ती विवाहित.

"बायकोचं नाव?" आईंनी विचारलं.

काकांनी आजीचं नाव वाचलं. परक्या कारकुनाच्या अक्षरात, पण तिचंच. त्या घरमालकिणीला ते ठाऊक होतं, म्हणजे आजोबा तिच्यापाशी आजीबद्दल बोलले असणार.

आईंनी कागद आपल्यापुढे ओढून घेतला.

"वय लिहिलंय?"

"सव्वीस."

"अगं बाई," आई म्हणाल्या. "एवढंसं पोर ते!" आणि आजारी मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा त्यांनी कागदावरून हात फिरवला. "थंडी बाधली रे त्याला."

काका हीटर लावायला म्हणून उठले. तो लागला तरी ते आमच्याकडे पाठ करून तिथेच उकिडवे बसून राहिले.