घरचा कापूस

गाडी मी पत्र्याच्या शेडमध्ये बांधली, जळगावला, मेहरूणच्या पुढे. भंगारातलं इंजिन, चौकोनी पाइपांची चेसिस, दोनच माणसं बसतील एवढी बुटकी स्पोर्ट्स कार. लोक विचारतात, कशाला? चाळिशी उलटलेल्या माणसाला काहीतरी आपल्या हातचं हवं असतं, एवढंच.

सीटा विकत मिळत होत्या, पण त्या गाडीत उंच व्हायच्या. डोकं वर निघायचं. म्हणून घरीच करायच्या ठरवल्या. ओल्या पीओपीवर प्लास्टिकचा कागद अंथरून मी स्वतः बसलो, पाठीचा-मांड्यांचा ठसा घेतला. त्यावर फायबरची कापडं रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचे, सुकलं की आत भरण घालून रेक्झिन ओढायचं.

हे मी फोनवर वडिलांना, म्हणजे नानांना सांगितलं, ते चुकलं. आठ दिवसांनी गावाकडून, शिंदखेड्याहून येणाऱ्या टेम्पोत कापसाची एक गोणी आली. आमच्या घरात विकतच्या कापसावर कोणी झोपत नाही. बहिणीच्या लग्नातल्या गाद्या घरच्या, आजोबांचा लोड घरचा. पहिली वेचणी घरासाठी बाजूला ठेवतात, बाकीची व्यापाऱ्याला. नानांनी त्यातलाच कापूस सरकी काढून, पिंजून पाठवला होता. आईने बसून पानाचा कचरा वेचला होता.

"आपुन दुसराना कापूसवर बसत नही," नाना फोनवर म्हणाले. "दोन्ही सीटमा हाऊच भर."

वेल्डिंग करायला येणारा मित्र गोणीत हात घालून हसला. "काय भाऊ, स्पोर्ट्स कार करतोय का बाळंतिणीची गादी?"

मीही हसलो. कापूस बसतो, खड्डा पडतो, हे कारण खरं होतं. नानांना ते समजलंही असतं. पण मला लाज कापसाची नव्हती वाटली, त्यांची वाटली. मी फोम आणला. गोणी कोपऱ्यात उघडीच होती. रेझिनने हात चिकट व्हायचे, फडकं सापडायचं नाही. हात आपोआप गोणीत जायचा. काम संपेपर्यंत ती निम्मी झाली.

नानांनी विचारलं, भरला का? म्हटलं, हो नाना, तुमचाच.

मग एके दिवशी न कळवता ते रेल्वेने आले. धुवट धोतर, टोपी. मी दार उघडून त्यांना बसवलं. सीट जमिनीलगत, गुडघे छातीशी आले. ते अवघडले, तरी बाजूच्या सीटची गादी थोपटत राहिले, वासराला थोपटावं तसे.

"बठ्ठा गावले सांगेल शे मी," म्हणाले. सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

उठायला लागले तेव्हा उठता येईना. मी हात दिला, त्यांनी नाकारला, आणि जोर घ्यायला एक हात बाहेर फरशीवर टेकवला. तळव्याखाली काहीतरी टोचलं. त्यांनी उचलून पाहिलं. मी हात पुसून टाकलेला कापसाचा एक बोळा. रेझिन सुकून त्याचा खडा झाला होता, काळा, एका कडेला अजून पांढरा. अंगठ्याने त्यांनी तो दाबला. दबला नाही.

"हाऊ मन्हा कापूस शे का?"

त्यांनी कोपऱ्यातली गोणी पाहिली.

"मग सीटमा काय शे?"

"फोम."

ते त्या सीटमध्येच परत टेकले. कुठे जाणार? मग खडा खिशात घातला. "कामले उना ना. बस." कामाला तर आला होताच, हात पुसायच्या.

चहा घेतला, जेवले नाहीत. दुपारच्या गाडीने परत गेले.

दिवाळीला गावी गेलो. ओट्यावर शेजारचे आबा मिस्कीलपणे म्हणाले, "काय नाना, पोऱ्यानी मोटारमा बसनात म्हने. कापूस कसा शे?"

मी खाली पाहिलं. मनात म्हटलं, सांगून टाका एकदाचं.

"मऊ शे," नाना म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले.

जेवून आडवं व्हायला आत गेलो. माझ्या खाटेवर नेहमीची गादी नव्हती. फोमची होती, कडेला दुकानाचं प्लास्टिक तसंच.

"तुन्हा बापनी धुयाथून आनी," आई म्हणाली. मुद्दाम धुळ्याला जाऊन. तिला काही ठाऊक नसावं. "म्हने, त्याले हाईच सोसस."

त्या घरात आलेली ती पहिली विकतची गादी. मी तिच्यावर झोपलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. शेजारी नानांच्या कापसाच्या गादीत त्यांच्या अंगाचा खड्डा दिसत होता, वर्षानुवर्षांचा. संध्याकाळी उठून वळून पाहिलं, तर माझी गादी कधीच फुगून सपाट झाली होती, माझा खड्डा तिच्यात उरलाच नव्हता.