तिला नाशिक दाखवलं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. "नीट पिळा की, अंगात जीव न्हाई का?" ती म्हणाली. मी जोर लावला. गोधडी वलणीवर टाकली, ती उंबऱ्यात टेकली आणि परत उठलीच नाही. मंगळवार होता.

गुरुवारी आम्ही नाशिकला जाणार होतो. कंपनीला गुरुवारची सुट्टी, आणि तिच्या धाकट्या भावाचा टेम्पो त्या दिवशी रिकामा. मोशीत आमचं घर रस्त्यालाच, नाशिकच्या एसट्या दारावरून जायच्या. नाशकात तांब्यापितळेची आख्खी गल्ली आहे, नदीला घाट आहेत, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलेलं. मूलबाळ नाही, कुठं जाणं नाही. तेवढं एक गाव तिला बघायचं होतं.

गुरुवारी सकाळी राख सावडली. अस्थी मडक्यात भरून वर फडकं बांधलं. भावकी म्हणाली, इंद्रायणी समोर हाय, हितंच सोडा. मी म्हणालो, "न्हाई. नाशिक ठरलंय, नाशिकलाच जायचं."

टेम्पोत मडकं मांडीवर घेऊन बसलो. अस्थी खाली टेकवायच्या नसतात. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत दुपारी पोचलो. मेव्हण्यानं टेम्पो सरळ रामकुंडाकडं घातला.

"आधी बाजार," मी म्हणालो.

"दाजी, सुतकात गाव हिंडतात व्हय? लोक हसतील."

"हसू दे. लोक हसतील म्हणूनच तुझी आक्का जन्मभर घरात बसली."

त्यानं टेम्पो लावला आणि माझ्यामागं चालू लागला.

भांड्यांच्या गल्लीत घणाघण ठोके चाललेले. सुतकात कुणाच्या दुकानात शिरायचं नसतं, म्हणून मी रस्त्यावरच उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "आत या की, मालक. बाहेरून काय दिसतंय?"

"सुतक हाय."

"मग हातात काय?"

"मंडळी हाय. तिला भांडी बघायचीत."

त्यानं मडक्याकडं बघितलं. आत जाऊन मोठा हंडा घेऊन आला, मग घंगाळ, मग समई. एकेक वस्तू उन्हात धरून फिरवून दाखवली. मेव्हणा तोंड फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

तिथून देवळाच्या दारापर्यंत गेलो, बाहेरूनच हात जोडले. पुलावर गेलो. घाटावर धुणी वाळत होती, भाजीवाल्या बसल्या होत्या, पोरी पाण्यात पाय सोडून खिदळत होत्या. मी तिला सगळं सांगत होतो. येणारेजाणारे वळून बघत होते, बघू दे.

ऊन उतरलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, दिवस मावळला तर सोडता यायचं न्हाई."

"अजून पलीकडचा काठ ऱ्हायलाय."

"पलीकडंबी हेच हाय," तो म्हणाला. मग हळूच, "आक्काचं बघून झालंय. तुमीच तिला सोडंना झालाय."

मला राग आला. त्याला एक शिवी दिली. पण तो खरं बोलत होता. दोन्ही हात आखडलेले, बोटं उघडत नव्हती. मी म्हणालो, "चल."

रामकुंडात गुडघाभर पाण्यात उतरलो. गुरुजींनी तिचं नाव विचारलं. जन्मात तिला नावानं हाक मारली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं आणि मडकं पाण्यात उपडं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची वहिनी चहा-भाकरी घेऊन आली. मी चहा ठेवून घेतला, भाकरी परत दिली.

"वैनी, पीठ कसं मळायचं तेवढं दाखवा."

"भावजी, दहा दिस चूल पेटवत न्हाईत."

"काल सुतकात नाशिक हिंडलो, आज चुलीनं काय बिघडतंय?"

ती कपाळाला हात लावून परातीपाशी बसली. मी भाकरी थापली. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. तिन्ही भाजले आणि खाल्ले.