शेठच्या दसऱ्याचा टिळा

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ कापसातली सरकी काढायचं एक जिन होतं आणि माझे वडील तिथे इंजिनवर होते. जिनाच्या शेठचा रिवाज असा, की दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की तो एकेका कामगाराच्या कपाळाला स्वतः कुंकू लावायचा. ज्याला टिळा, तो वर्षभर कामावर. कागद नाही, पत्र नाही, शेठचा अंगठा हाच सरकारी शिक्का! मी म्हणेन ती पूर्व दिशा, असा कारभार.

आम्ही बौद्ध. दसरा म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस. वडील पांढरे कपडे घालून वंदनेला जायचे आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कपाळानं कामावर. वर्षानुवर्षं शेठला ते चाललं.

मग एका उन्हाळ्यात वडिलांनी तोंड उघडलं. कापूस निवडणाऱ्या बायांना इंजिनच्या हौदातलं पाणी प्यावं लागे. त्यांनाही ऑफिसातल्या माठातलं द्या, म्हणाले. शेठ तेव्हा नुसता हसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं वडिलांना फाटकातच अडवलं.

"टिळा लावून घेतला नाई, म्हंजे तूच काम सोडलं. मी कायले काहाडू तुले?"

आम्हाला वीतभर जमीन नव्हती. चूल त्या कामावरच पेटायची, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी सुपारी चघळत बोलत होता. मला त्या माणसाची आजही किळस येते.

वडील अकोल्याच्या कामगार कोर्टात गेले. तिथेही शेठच्या वकिलाचं तेच तुणतुणं, टिळा नाही तर नोकरी नाही. कोर्टाच्या साहेबांनी साक्षीला आलेल्या शेठच्या मुनिमाला विचारलं, "मागच्या वर्षी यांनी टिळा लावून घेतला होता?"

शेठची बाजू आपणच तारतोय अशा थाटात मुनीम म्हणाला, "नाई साहेब! यानं कधीच नाई लावला!"

"मग इतकी वर्षं हे कामावर कसे होते?"

मुनीम शेठकडे पाहू लागला, शेठ वकिलाकडे. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

कोर्टानं वडिलांना परत कामावर घ्यायला लावलं. ते गेले त्या सकाळी हा निलाजरा कुंकवाची वाटी घेऊन फाटकात उभा.

"चाल, झालं गेलं सोड. ये, टिळा लावतो."

"मले कोर्टानं पाठवलं, शेठजी. तुमचं कुंकू तुमच्या इंजिनले लावा."

वडील ऑफिसात गेले, माठ उचलला आणि बाया बसायच्या तिथे नेऊन ठेवला.