लिहून दिलेलं हसू

माझा नवरा अंब्रोस आमच्या नाटकमंडळीत सोंगाड्या होता. हिरवी टोपी घालून मंचावर आला की तोंडाला येईल ते बोलायचा. जन्मात कधी एक ओळ पाठ केली नाही मेल्याने, तरी लाइप्झिकच्या जत्रेत लोक पोट धरधरून हसायचे.

मग प्रोफेसर ग्रूनाउंनी नगरसभेला पटवलं, की हसणं हे बुद्धीचं काम आहे. माणसाच्या दोषांना हसावं, आयत्या वेळच्या चावटपणाला नव्हे. झालं, हुकूम निघाला. लिहिलंय तेवढंच बोलायचं, एक शब्द जास्त झाला तर सोंगाड्या कायमचा बंद. अंब्रोसला दुसरं काहीच येत नव्हतं.

पहिल्या खेळाला प्रोफेसर पुढच्याच बाकावर. अंब्रोस पाठ केलेलं बोलत होता आणि माणसं मयताला आल्यासारखी बसली होती. तेवढ्यात म्हातारा टोबियास कातरी घेऊन मंचावर आला. मेणबत्त्यांच्या वाती चालू खेळातच कापाव्या लागतात, नाहीतर धुराने डोळे चुरचुरतात. एरवी अंब्रोस त्याची खोडी काढायचाच. लोक सरसावून बसले. मी पडद्याआडून पुटपुटत होते, "तोंड उघडू नकोस रे बाबा!"

नाही उघडलं. एका हाताने तोंड गच्च दाबलं, दुसऱ्याने टोपी काढली आणि टोबियासला राजाला करावा तसा मुजरा केला. टोबियास गडबडला, उलट मुजरा करायला वाकला आणि त्याच्या नाकाने मेणबत्तीच विझली. हसून हसून प्रोफेसरांचा विग कानावर आला.

खेळ संपल्यावर ते आत आले. "वा, अंब्रोस! आज मला उलगडलं. माणूस काहीतरी होणार म्हणून ताणून बसतो आणि होतं भलतंच, अगदी क्षुल्लक. तो ताण सुटतो, तेच हसू! हे असंच्या असं लिहून काढा. उद्या माझ्या मित्रांना आणतो."

"उद्या नाही येणार हसू, साहेब."

"का नाही? नियम सापडलाय आता."

दुसऱ्या दिवशी तोच हात, तोच मुजरा, तीच मेणबत्ती. प्रोफेसरमंडळी डोळे लावून वाट बघत होती. कुणीतरी खोकलं, बस्स.

"म्हणजे काल नुसता योगायोग होता," ग्रूनाउ म्हणाले. "ही कला नव्हे." एक शब्द जास्त न बोलताही सोंगाड्या बंद झाला, टोपी नगरसभेचा कारकून घेऊन गेला. असा संताप आला मला, वाटलं तो विग चुलीत घालावा!

अंब्रोस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पुढे टोबियासचे गुडघे गेले, तेव्हा मंडळीच्या मालकाने कातरी याच्या हातात दिली.

"बोलायचं नसतं ना?" अंब्रोसने विचारलं.

"नाही रे. वाती काप आणि ये."

त्या दिवशी शोकनाटक होतं, खुद्द ग्रूनाउंनी लिहिलेलं. राणीने विषाचा प्याला उचलला आणि मेणबत्त्या धुरकटल्या. अंब्रोस साध्या कपड्यांत, मान खाली घालून आला. पहिली वात कापली. मागच्या बाकावर कुणीतरी त्याला ओळखलं आणि फिस्सकन हसलं. मग शेजारचा. मग सगळं नाटकघर, शेवटी राणीसुद्धा. याने मानही वर केली नाही.

ग्रूनाउ ताडकन उठले. "हाकला त्याला!"

"हाकलतो की, साहेब," मालक म्हणाला. "पण मग नाटक अंधारात बघाल का?"

प्रोफेसर खाली बसले. अंब्रोसने उरलेल्या वाती कापल्या, अगदी सावकाश.