दौलतकाकांचा खडू

दौलतकाकांच्या कानामागे बिडी नसायची, खडू असायचा. अकोल्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते वर्कशॉप सांभाळत. बार्शीटाकळीहून रोज मोटारसायकलवर यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि खडू कानामागे खोचायचे. चहा पिताना काय, प्राचार्यांसमोर उभं असताना काय, तो तिथून हलत नसे. एकदा त्यांना तसंच कोणाच्या तरी लग्नात जेवायला बसलेलं मी पाहिलं आहे.

आम्ही दहा-बारा जण मिळून शर्यतीची गाडी बांधत होतो. मोटारसायकलचं इंजिन, चार चाकं आणि एकाच माणसाला बसायला जागा. वर्षातून एकदा निरनिराळ्या कॉलेजांची पोरं अशा गाड्या घेऊन मध्य प्रदेशातल्या एका जुन्या धावपट्टीवर जमत आणि सरळ रेषेत शर्यत लावत. आमची गाडी पहिल्या वर्षी सुरूच झाली नव्हती. दुसऱ्या वर्षी निम्म्यात साखळी तुटली आणि आम्ही ती ढकलत परत आणली. तिसरं वर्ष काकांच्या नोकरीचं शेवटचं. ते म्हणायचे, "माह्या हातची गाडी येकदा झेंडीपार जाताना पाहू द्या रे, मंग मले खुशाल घरी पाठवा."

गणिताचं खातं माझ्याकडे होतं. मी मोर्शीची, संत्रेवाल्यांच्या घरातली, जठारपेठेत खोली घेऊन राहणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी. मागच्या चाकाकडे जे दातेरी चक्र असतं, त्याचे दात किती ठेवायचे हे मला ठरवायचं होतं. दात जास्त असले तर गाडी उठते झटकन, पण वेग लवकर संपतो. कमी असले तर वेग मोठा, पण उठायला आळस. टायर मोठा की लहान, यानेही तोच फरक पडतो. मी टायरवर छापलेलं माप घेतलं, रात्रंदिवस आकडेमोड केली आणि छत्तीस दातांचं चक्र सुचवणारा कागद ऐटीत काकांपुढे धरला.

काकांनी कागदावर नुसती नजर टाकली आणि घडी करून खिशात घातला. आमचा गाडी चालवणारा अंकुश, शंभर किलोच्या आत-बाहेर वजनाचा, त्याला त्यांनी गाडीत बसवलं. कानामागचा खडू काढून टायरवर एक रेघ मारली, खाली फरशीवर दुसरी. गाडी ढकलत चाकाचा बरोबर एक फेरा केला, पुन्हा रेघ मारली आणि टेप लावली. माझ्या हिशेबापेक्षा अंतर दोन बोटं कमी भरलं.

"पोरी, टायर दबते ना," काका म्हणाले. "तुह्या गणितातली गाडी रिकामी हाये. तिच्यात कोनी बसेलच नाई."

सगळे हसले. मला इतका राग आला की मी दोन दिवस वर्कशॉपकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी काकांनीच निरोप धाडला, "मास्तरीनबाईले सांगा, चहा थंडा होऊन राह्यला."

त्या हिवाळ्यात ते आम्हाला गावाकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला घेऊन गेले. काकांच्या घरात तीन पिढ्या पटाचे बैल. त्यांचे वडील म्हणे जोडी पाहायच्या आधी पटाची जागा पायांनी मोजून यायचे. समोर हलक्या छकड्या भरारा सुटत होत्या, माणसं टोप्या उडवत होती आणि काका माझ्या कानाशी ओरडून शिकवत होते, "जोडीचा जोर झेंडीपाशी सरला पायजे! अगोदर सरला त गेलं, मांगून उरला त बी गेलं. उरलेला जोर काय घरी नेऊन लोणच्यात घालतं काय?"

पुस्तकात हे समजायला मला दोन प्रकरणं लागली होती. इंजिनाची पूर्ण ताकद नेमकी शेवटच्या रेषेवर संपावी, असेच दात निवडायचे. अंकुशच्या वजनासकट गाडी उठायला जास्त दात हवेत म्हणून काकांनी चाळीस ठरवले, आणि मी निमूटपणे मान डोलावली. स्पर्धेच्या अर्जात चालवणाऱ्यांची दोन नावं लागत. दुसऱ्या नावावर सगळे अडले, तेव्हा काका म्हणाले, "हिचं लिवा. सरावात चांगली चालवते." ती नुसती रीत, असं समजून कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. पण आतून मला गुदगुल्या झाल्या, हे आता कबूल करते.

आणि मग आमच्या वऱ्हाडी पाहुणचाराने घात केला. माझ्या वडिलांनी वाटेत खायला म्हणून संत्र्यांचं पोतं दिलं होतं. ट्रकमध्ये पैज लागली, अंकुश पेटला, आणि किती डझन खाल्ली ते त्यालाही सांगता येईना. धावपट्टीवर पोहोचलो त्या सकाळी तो पोट धरून आडवा झाला होता. "काका, मला माफ करा," म्हणत कण्हत होता.

"माफी मंग माग, आंधी पानी पे," काका त्याला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बस गाडीत."

मी हेल्मेट चढवून आत बसले. काकांनी खडू काढला. तीच रेघ, तोच एक फेरा, तीच टेप. या वेळी अंतर अंकुशपेक्षा चांगलं बोटभर जास्त भरलं. काका रेघेपाशी उकिडवे बसले.

"टायर कमी दबलं. वझं हलकं झालं, वेग लवकर चढन. चाळीस दातांवर गाडी झेंडीच्या आंधीच धापा टाकीन." त्यांनी आपल्या पिशवीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक चक्र काढलं. तेलाने चकचकीत, नवं कोरं. मी दात मोजले. छत्तीस.

"हे कधी केलं काका?"

"तू रुसून बसली व्हती तवा. आता मोजत बसू नको, पाने दे."

सगळ्यांनी मिळून चक्र बदललं, साखळी आखडून घेतली. हिरवं निशाण पडलं. गाडी उठताना थोडी रेंगाळली, मग पाठीत अशी थाप बसली की मी ओरडलेच. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि आता याच्यावर जागा नाही असं वाटलं त्याच क्षणी शेवटची रेष बाजूने निघून गेली.

आमचा नंबर नववा आला. नवव्या नंबरासाठी एवढं कोणी नाचलं नसेल. अंकुशसुद्धा पोट धरून नाचला. काका धापा टाकत माझ्यापर्यंत आले. वेळ किती लागली, वेग किती होता, काही विचारलं नाही.

"जोर कुठं सरला?"

"झेंडीपाशी, काका."

त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि मोठ्याने हसले. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण हेल्मेट काढताच येईना.

मे महिन्यात काका निवृत्त झाले. हल्ली बार्शीटाकळीला एक गोऱ्ह्यांची जोडी तयार करतात आणि मी गेले की तिच्या तक्रारी सांगतात. मी पुण्याला गाड्यांच्याच कंपनीत आहे, हिशेब करायला बसले की पहिला प्रश्न हाच विचारते, आत कोण बसणार आहे. निरोप समारंभाच्या दिवशी मात्र मी त्यांना गाठून एकच विचारलं होतं. माझं गणित चुकलं होतं, तर ते चक्र त्यांनी कापलंच कशाला?

काकांनी कानामागचा खडू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"चुकेल नवतं पोरी. गाडी रिकामी व्हती, येवढंच. तिच्यात तू बसाची बाकी व्हती."